फ्रेम जागेवर का राहत नाही?

कळसूबाईचं शिखर १६४६ मीटरवर आहे. तिथून सूर्योदय टिपायचा तर अंधारातच निघावं लागतं, टॉर्चच्या उजेडात लोखंडी शिड्या चढाव्या लागतात. पाठीवर कॅमेरा, लेन्स, पाणी आणि ट्रायपॉड. ट्रायपॉडवर कॅमेरा धरणारं तीन दांड्यांचं पॅन-टिल्ट हेड बऱ्याचदा किलोच्या आसपास भरतं, गोळ्यावर फिरणारं छोटं बॉल हेड ३००-४०० ग्रॅममध्ये मिळतं. त्यामुळे हलक्या हेडची मागणी अगदी रास्त आहे. माझी तक्रार आहे ती ते विकण्याच्या पद्धतीबद्दल.

खोक्यावर दोन आकडे ठळक असतात : वजन आणि भारक्षमता. हेडवर कॅमेरा बसतो त्या स्क्रूला आंतरराष्ट्रीय मानक आहे, म्हणून पाव इंची स्क्रू कुठल्याही कंपनीच्या कॅमेऱ्याला चालतो. भारक्षमता मोजण्याची मात्र सर्वमान्य रीत नाही. हेड १० किलो पेलतं म्हणजे नेमकं काय, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. वजनाच्या आकड्यात कॅमेऱ्याखाली लावायची प्लेट धरली आहे की नाही, तेही दर वेळी कळत नाही.

निसर्गचित्रणात खरा प्रश्न वेगळाच असतो. फ्रेम जुळवली, नॉब आवळला, हात काढला आणि लेन्सचं तोंड किंचित खाली झुकलं. काठावर ठेवलेला दगड फ्रेमबाहेर गेला. मग अंदाजानं थोडं वर धरून पुन्हा आवळायचं. पहाटेचा रंग काही मिनिटांचा असतो आणि ती मिनिटं या खेळात जातात. लांब लेन्सचं वजन पुढे जातं तेव्हा लहान बॉलची पकड लवकर अपुरी पडते.

उभी फ्रेम हवी असेल तर बॉलची मान खाचेत आडवी करावी लागते. सगळा भार एका बाजूला लटकतो आणि वाऱ्यात थरथर वाढते. त्यावर कॅमेरा उभा धरणारं एल-ब्रॅकेट हा चांगला उपाय आहे, पण त्याचं वजन निराळं.

अलंग-मदन-कुलंग या किल्ल्यांची रांग पॅनोरमात घ्यायची तर आणखी एक अडचण येते. बहुतेक छोट्या हेडमध्ये फिरणारी बैठक बॉलच्या खाली असते. पाय समतल नसतील तर कॅमेरा फिरवताना क्षितिज कलतं. मग खडकावर बसून पायांची उंची जुळवत राहायचं. पाणसळीचा बुडबुडा पाहावा, तर तो बऱ्याचदा कॅमेऱ्याखाली झाकलेला.

पॅनचा आणि बॉलचा नॉब हाताला सारखेच लागतात, हे तर अक्षम्य आहे. अंधारात, गारठलेल्या बोटांनी चुकीचा नॉब सैल झाला की कॅमेरा धाडकन कलंडतो. आर्का पद्धतीच्या प्लेटही एकमेकींशी तंतोतंत जुळत नाहीत. एका कंपनीची प्लेट दुसऱ्या कंपनीच्या खटक्याच्या क्लॅम्पमध्ये कधी सैल बसते, कधी खटका मिटतच नाही. स्क्रूचा क्लॅम्प सावकाश आवळावा लागतो, पण हा फरक तो सांभाळून घेतो.

कंपन्यांनी तीन गोष्टी छापाव्यात : प्लेटसकट वजन, बॉलचा व्यास आणि ठरावीक वजनाची लेन्स लावून आवळल्यावर फ्रेम किती झुकते याचं माप. तोवर ग्राहकानं आपली सगळ्यात जड लेन्स घेऊनच दुकानात जावं. समोरच्या पाटीवरच्या एका अक्षरावर फ्रेम धरावी, नॉब आवळावा, हात काढावा. अक्षर हललं तर ते हेड कितीही हलकं असो, घेऊ नये.