एक्सेलकाका

न्यू जर्सीतल्या प्रत्येक मराठी मंडळात एक एक्सेलकाका असतोच. गणपतीच्या महाप्रसादाला पुऱ्या किती लागतील, हे तो मागच्या वर्षांच्या आकड्यांवरून काढतो आणि दरवर्षी पुऱ्या उरतात. एडिसनच्या आमच्या एक्सेलकाकांनी आयुष्यात कुणाचं ऐकलं असेल तर फक्त आपल्याच तक्त्याचं. मुलीला सतराव्या वर्षी प्रोबेशनरी लायसन्स मिळालं, त्या संध्याकाळी त्यांनी नवी फाइल उघडली.

हे लायसन्स काकांना मनापासून पटलेलं आहे. रात्री अकरापासून पहाटे पाचपर्यंत गाडी चालवायची नाही, आईबाप शेजारी नसतील तर एकच प्रवासी, आणि दोन्ही नंबरप्लेटांवर लाल स्टिकर. चार डॉलरला जोडी. या सगळ्या प्रकरणात काकांनी न कुरकुरता दिलेले पैसे एवढेच. चिकटवण्याआधी त्यांनी प्लेटा साबणानं धुतल्या, कोपरे नखानं दाबले. मुलगी गॅरेजच्या दारातून कळवळून म्हणाली, "बाबा, अरे, लांबून दिसतंय ते!"

"दिसायलाच पाहिजे."

गाडीच्या विम्यात मुलीचं नाव घातल्यावर हप्ता किती होईल, ते एजंटनं सांगितलं तेव्हा काकांनी फोन स्पीकरवर टाकला. अशा वेळी साक्षीदार लागतात. "नावच नाही घातलं तर?" घरात राहणारा ड्रायव्हर लपवला तर ऐन वेळी कंपनी हात वर करू शकते, असं उत्तर आलं. काकांनी तो कॉलम उडवला.

मग काटकसर. जुन्या कोरोलाचं कोलिजन कव्हर काढून टाकलं. ठोकली तर ठोकली, तिचं येणार काय? पण लायबिलिटीला, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीच्या भरपाईला, हात लावू दिला नाही. 2026 पासून न्यू जर्सीत किमान मर्यादा एका जखमीमागे 35 हजार डॉलर, एका अपघाताला 70 हजार आणि दुसऱ्याच्या मालमत्तेला 25 हजार. "आणि पुढे टेस्ला असली तर? पंचवीस हजारांत काय येतं, आरसा?" मर्यादा त्यांनी अडीच लाख-पाच लाखांवर नेली, वर दहा लाखांची अंब्रेला पॉलिसी घेतली. कोथिंबिरीच्या जुडीसाठी ओक ट्री रोडवरची सगळी दुकानं पालथी घालणारा हा माणूस! मंडळात हसले लोक. मी नाही हसलो. कोरोला गेली तर कोरोला जाते. मोठा दावा अंगावर आला तर घरावर येतं.

एका ओळीवर मात्र घरात चर्चा झाली. गंभीर इजा नसेल तर दुखण्याखुपण्याच्या भरपाईसाठी दावा लावायचा हक्क आधीच सोडून द्यायचा, की हप्ता कमी होतो. काकू भाजी चिरता चिरता म्हणाल्या, "अहो, तो हक्क मी लग्नातच सोडलाय. हप्ता काही कमी झालेला दिसला नाही."

खरा धक्का गुड स्टुडंट सवलतीनं दिला. सरासरी 'बी' असली तरी सूट! ज्या घरात 'ए मायनस' आला की जेवणाच्या टेबलावर शांतता पसरते, तिथे 'बी'साठी बक्षीस? काका दोन दिवस अस्वस्थ होते. सवलत घेतली अर्थात. पण एजंटला प्रगतिपुस्तक पाठवताना 'सगळे ए आहेत, कृपया नोंद घ्यावी' असं लिहायला विसरले नाहीत.

हल्ली ते आणखी एका सवलतीच्या मागे आहेत. मूल गाडी न नेता घरापासून शंभर मैलांपलीकडे शिकायला गेलं, तर बऱ्याच कंपन्या हप्ता उतरवतात. झालं, कॉलेजांच्या यादीत मैलांचा कॉलम आला. रटगर्स हे काकांचं इतकी वर्षं लाडकं, राज्यातल्यांना फी कमी म्हणून. पण ते पडलं घराजवळ. बोस्टन बसतं, तर तिथली फी बसत नाही. परवा मुलीनं हळूच तक्त्यात कॅलिफोर्नियातलं एक नाव घातलं. मैलांच्या रकान्यात 2,900 उमटले. काकांनी चष्मा पुसला, आकडा पुन्हा पाहिला आणि ती ओळ खोडत म्हणाले,

"एवढी सवलत नकोय आपल्याला."