फक्त प्रौढांसाठी

ब्रिटिश लेखक जो अ‍ॅबरक्रॉम्बी यांनी 'द फर्स्ट लॉ' ही कादंबरीत्रयी (२००६ ते २००८) लिहून प्रौढ वाचकांवर अनंत उपकार केले आहेत. राजपुत्राने राक्षस मारावा आणि अर्धं राज्य मिळवावं, हे चोचले पोरासोरांचे.

इथला एक नायक ग्लोक्टा हा लोकांचा छळ करून कबुलीजबाब मिळवणारा सरकारी अधिकारी आहे. शत्रूच्या तुरुंगातून तो परतला तेव्हा बरेच दात गेले होते, एक पाय निकामी झाला होता. आता त्याचा सर्वांत कट्टर वैरी म्हणजे जिना. चाळिशीपुढच्या कोणत्या वाचकाचा ऊर अभिमानाने भरून येणार नाही? दुसरा नायक, नऊ बोटांचा लोगन, पिसाळला की आपला-परका बघत नाही. सोसायटीच्या वार्षिक सभेला जाणाऱ्यांना तोही घरचाच वाटेल. आणि महाजादूगार बायाझ? त्याच्या मंत्रतंत्रांहून जालीम ठरते ती त्याची पेढी. सिंहासन तिच्या कर्जात गळ्यापर्यंत बुडालेलं असतं.

एवढं प्रौढ साहित्य नुसत्या वयाच्या दाखल्यावर विकणं बेजबाबदारपणाचं आहे. विक्रेत्यांनी तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आणि एक जामीनदार मागावा.

परवा शेजारच्या नववीतल्या मुलाने तिन्ही खंड संपवले. रक्ताचे पाट, तुटलेली बोटं, सगळं त्याला 'ठीकठाक' वाटलं. त्याचे वडील मात्र पेढीच्या प्रकरणापाशी अडलेत. हल्ली दिवा लावून झोपतात.