पुटकुळी आहे तोवरच

तुळशीचं लग्न लागलं की आपल्या जिल्ह्यात पाहुण्यांची ये-जा सुरू होते आणि मेडिकलच्या काउंटरवर एक मागणी हमखास ऐकू येते: "भाऊ, पिंपलची ट्यूब द्या. लवकर गुण येणारी." मुलगी एकोणीस-वीस वर्षांची, बाजूला आई. गालांवर लाल, ठणकणाऱ्या गाठी. दुकानदार फळीवरून एक छोटी ट्यूब काढतो, पैसे घेतो, पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. डॉक्टरची चिठ्ठी कोणी मागत नाही, कोणी दाखवत नाही. यवतमाळ असो, पुसद असो की वणी, हे दृश्य कोणालाच नवं नाही.

आज त्या ट्यूबबद्दल आणि तिच्याआधी वाया गेलेल्या दोन-तीन वर्षांबद्दल लिहायचं आहे. चेहऱ्यावर जन्मभर राहणारे खड्डे पुष्कळदा टाळता येतात. तरी ते पडतात, कारण पुटकुळी ताजी असते तेव्हा घर ती हसण्यावारी नेतं आणि खड्डा पडला की तेच घर हळहळत बसतं.

"वयात आलं का होतेच ते." "लगन झालं का जाते आपोआप." ही वाक्यं मायेपोटी येतात, पण सल्ला म्हणून ती घातक आहेत. बारीकसारीक पुटकुळ्या बऱ्याच जणांच्या खरोखरच आपोआप जातात. ज्या गाठी खोल असतात, बोट लागलं तरी ठणकतात, आठवडेच्या आठवडे बसत नाहीत, त्यांची गोष्ट वेगळी. वयात येताना त्वचेतल्या तैलग्रंथी जास्त तेल सोडू लागतात. केसाच्या छिद्राचं तोंड बुजतं, आत जिवाणू वाढतात, सूज येते. सुजलेलं छिद्र आतल्या आत फुटलं की आजूबाजूचं कोलॅजन, म्हणजे त्वचेला आतून धरून ठेवणारा धागा, नष्ट होतो. ती जागा पुरती भरून आली नाही की वर खड्डा दिसतो. सूज जितकी खोल आणि जितके दिवस टिकेल तितका धोका मोठा. घरात आईला किंवा वडिलांना असे खड्डे असतील, तर मुलाबाबत अजिबात थांबू नये.

यात घाणीचा संबंध नाही. मुलीला दिवसातून सहा वेळा साबणाने तोंड धुवायला लावणं, लिंबू चोळणं, रात्री गाठीवर टूथपेस्ट थापणं, यातलं काहीही गाठ बसवत नाही. कातडी मात्र भाजते आणि डाग आणखी काळा पडतो. मुलाच्या बाबतीत तर दुर्लक्ष दुप्पट: "पोट्ट्याच्या तोंडाचं काय एवढं?" तीव्र मुरूम मुलांमध्ये जास्त दिसतात, पाठीवर आणि छातीवरही उठतात, तरी त्वचेच्या डॉक्टरकडे मुलाला नेणारं घर विरळा. मुलीची पाळी अनियमित असेल, हनुवटीवर जाड केस येत असतील, तर मुरमांसोबत हार्मोनची तपासणीही करून घ्यायला हवी. हे सांगायला घरात कोणीतरी तिच्याशी नीट बोललं पाहिजे.

आता ती ट्यूब. घरात असेल तर उजेडात धरा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. बेटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, यांपैकी एखादं नाव दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. मुरमांवर ते औषध नव्हे. पहिल्या आठवड्यात लाली उतरते, चेहरा उजळ दिसतो, आई खूश होते, शेजारीण नाव विचारून घेते. काही आठवड्यांनी कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, गालांवर लव वाढते आणि मुरूम पूर्वीपेक्षा जोरात उठतात. ट्यूब बंद केली की तोंड भडकतं, म्हणून पुन्हा तीच लावली जाते. या अवस्थेसाठी वैद्यकशास्त्राला वेगळं नाव पाडावं लागलं, ते भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनीच पाडलं: स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा.

२०११ साली देशातल्या अनेक केंद्रांवरच्या त्वचारोगतज्ज्ञांनी मिळून एक पाहणी प्रसिद्ध केली. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले २,९२६ रुग्ण तपासले, त्यांत ४३३ जण तोंडाला स्टेरॉइड लावत होते. त्यांतल्या २५७ जणांना ते सुचवणारा माणूस डॉक्टर नव्हता. आणि दुष्परिणामांत सगळ्यात जास्त आढळला तो कोणता? मुरूम उठणं किंवा असलेले मुरूम वाढणं. ज्यासाठी ट्यूब घेतली तेच ट्यूबने वाढवलं.

त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने हा प्रश्न लावून धरला. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइडांच्या मलमांची चिठ्ठीविना विक्रीची पळवाट बंद केली आणि ती अनुसूची 'एच'मध्ये आणली. म्हणजे नोंदणीकृत डॉक्टरची चिठ्ठी असल्याशिवाय विकायची नाहीत. कायदा होऊन इतकी वर्षं झाली. आपल्या बाजारपेठेत तो काउंटरच्या अलीकडेच अडकला आहे. अन्न व औषध प्रशासनाने जिल्ह्यातल्या दुकानांत साध्या वेशात जाऊन एकदा ही ट्यूब मागून पाहावी. कोणती कारवाई करायची हे त्यांना तिथेच कळेल.

ट्यूबच्या पलीकडे दुसरा धोका आहे, तो बिननावाच्या डबीचा. पार्लरमधून किंवा ओळखीतून येणारी, बनवणाऱ्याचा पत्ता नसलेली, 'डाग घालवून गोरं करणारी' डबी. अकोला आपल्यापासून काही लांब नाही. २०२२ मध्ये तिथल्या एका घरातली मुलगी, तिची आई आणि बहीण अशा तिघींनी ब्युटीशियनकडून आणलेलं क्रीम लावलं आणि तिघींचीही मूत्रपिंडं आजारी पडली. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी छडा लावला, तेव्हा क्रीममध्ये पारा निघाला, तोही मर्यादेच्या कित्येक पट. चेहऱ्याच्या क्रीममध्ये दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त पारा नसावा असा नियम आहे. चेहऱ्याला लावलेला पारा थेट मूत्रपिंडापर्यंत जातो. डबीवर उत्पादक, परवाना क्रमांक आणि घटक छापलेले नसतील, तर ती फेकून द्या, कितीही महाग पडली असली तरी.

मग करायचं काय? आधी ओळखायला शिका. खिडकीजवळ आरसा धरा आणि गालावरून बोट फिरवा. कातडी सपाट असून रंग तेवढा काळसर किंवा लालसर असेल, तर तो डाग आहे. नवे मुरूम थांबले आणि ऊन टाळलं, तर तो काही महिन्यांत फिकट होतो. बोट खाली गेलं तर तो खड्डा. काही खड्डे सुईने टोचल्यासारखे अरुंद आणि खोल, काही सरळ कडांचे, काही उथळ, लाटेसारखे. तिन्हींचा उपचार वेगळा. डागाला खड्डा समजून लेझरवर हजारो रुपये घालवणारे आणि खड्ड्याला डाग समजून वर्षानुवर्षं क्रीम चोळणारे, दोघंही फसवले जातात.

ताज्या मुरमांवर बेंझॉइल पेरॉक्साइड, अडापलीन यांसारखी साधी, जुनी, परवडणारी औषधं आहेत. गुण यायला दोन-तीन महिने लागतात. पहिले काही आठवडे कातडी कोरडी पडते, जळजळते. बेंझॉइल पेरॉक्साइडने ओढणीला आणि उशीच्या अभ्र्याला पांढरे चट्टे पडतात. याची कल्पना कोणी दिलेली नसते, म्हणून पंधरा दिवसांत औषध सुटतं. तीव्र गाठींवर आयसोट्रेटिनॉइन हे प्रभावी औषध आहे, पण ते डॉक्टरच्या देखरेखीखालीच घ्यायचं. गरोदरपणात ते पोटातल्या बाळात गंभीर व्यंग आणू शकतं, म्हणून औषध चालू असताना आणि बंद केल्यावर महिनाभर तरी गर्भ राहू द्यायचा नाही. लग्न ठरत असलेल्या मुलीला हे स्पष्ट सांगितलंच पाहिजे. अडापलीनही गरोदरपणात लावू नये.

खड्डे पडलेच असतील तर मायक्रोनीडलिंग, खड्ड्यात नेमकं आम्ल लावणं, आत ओढून धरलेले धागे सुईने सोडवणं, फ्रॅक्शनल लेझर असे उपाय आहेत. ते काही आठवड्यांच्या अंतराने अनेक वेळा करावे लागतात आणि आधी नवे मुरूम आटोक्यात आलेले असावे लागतात. खड्डे उथळ होतात, पुसले जात नाहीत. 'शंभर टक्के खात्री' सांगणाऱ्याच्या दारातून परत फिरा. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर बेताल लेझर मारला तर नवे काळे डाग पडतात, म्हणून हे काम पार्लरचं नव्हे. ऑनलाइन मागवलेला काट्यांचा रोलर घरी फिरवणंही नको, त्याने जंतुसंसर्ग होतो.

पण डॉक्टर आहे कुठे? यवतमाळला १९८९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आज ते वसंतराव नाईकांच्या नावाने ओळखलं जातं. तिथल्या त्वचारोग विभागात केसपेपर काढून दाखवता येतं. मात्र उमरखेड किंवा झरीच्या पोरीसाठी ते शंभर किलोमीटरच्या पलीकडे आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत पुटकुळ्यांसाठी दोन माणसांची रोजी कोण बुडवणार? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं २०१३ पासून शाळाशाळांत अठरा वर्षांपर्यंतची मुलं तपासतात. त्यांच्या मूळ यादीत ३० आजार आहेत. त्वचेचे म्हणून त्यात खरूज, बुरशीचा संसर्ग आणि इसब आहेत, मुरूम नाहीत. किशोरवयीनांसाठी 'मैत्री' क्लिनिकं आहेत, तिथे मुरमांबद्दल विचारायचं असतं हे किती मुलांना माहीत आहे? उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडून ई-संजीवनीवर दूरच्या डॉक्टरशी बोलता येतं, आणि त्वचेचा आजार तर कॅमेऱ्यासमोर दाखवण्याजोगा. सोय आहे, ती मुरमांसाठी वापरायला कोणी सांगितलेलं नाही. जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाने तालुक्यागणिक महिन्यातून एक दिवस त्वचा तपासणीचा ठेवावा. १६ तालुक्यांचा जिल्हा आहे, हे अशक्य नाही.

आणि ज्यांचे खड्डे राहणार आहेत, त्यांचं? इथे उपचार समाजाचा करायचा आहे. पोहे खाऊन निघालेले पाहुणे दाराबाहेर "चेहरा थोडा खराब आहे" म्हणतात, ते आत ऐकू जातं. यवतमाळच्या दत्त चौकात भर संध्याकाळी, ऊन उतरल्यावरही ओढणीने तोंड घट्ट बांधून जाणाऱ्या मुली दिसतात. त्या सगळ्याच धुळीसाठी बांधत नाहीत. मुरमांमुळे मुलं वर्गात मागच्या बाकावर जातात, फोटो टाळतात, नैराश्यात सापडतात. देवीच्या व्रणांनी भरलेला चेहरा घेऊन ओम पुरी १९७६ मध्ये 'घाशीराम कोतवाल' या मराठी चित्रपटातून पडद्यावर आले, पुढे दोनदा राष्ट्रीय पुरस्कार मिळवून गेले. २०१५ मध्ये साई पल्लवी 'प्रेमम' या मल्याळम चित्रपटात मुरमांसकट दिसली आणि प्रेक्षकांनी तिला डोक्यावर घेतलं. पडद्यावर जे चालतं ते आपल्या बैठकीच्या खोलीत का चालू नये? स्थळ बघायला जाणाऱ्यांनी मुलीच्या शिक्षणाबद्दल विचारावं, कामाबद्दल विचारावं. तिच्या गालांबद्दल विचारायचा अधिकार कोणालाही नाही.

दुकानदार भाऊंना माझी विनंती आहे, चिठ्ठी नसेल तर ती ट्यूब फळीवरच राहू द्या. आईवडिलांना सांगणं एवढंच, की गाठ ठणकायला लागली तर महिनाभरात डॉक्टर गाठा, लग्नाची वाट पाहू नका. आणि पोरी, पोरा, स्टेरॉइडची ट्यूब कित्येक महिने लावत आला असाल तर घाबरून एकदम बंद करू नका. आधी त्वचेच्या डॉक्टरकडे जा आणि ती ट्यूब सोबत घेऊन जा.