मास्तर उभे राहतात

आमच्या मास्तरांनी विधानसभेला उभं राहायचं ठरवलं. लहानपणी पोलिओ झाला, मग कुबड्या, आता व्हीलचेअर. तिकीट मागायला गेले तेव्हा भाऊंनी चहा मागवला, मास्तरांना खालीवर न्याहाळलं आणि कळवळून विचारलं, "मास्तर, पण तुम्ही उभे कसे राहणार?"

चूक मराठीचीच. निवडणुकीला उभं राहायचं, पदयात्रा काढायची आणि तडजोड झाली की बसायचं. मास्तर म्हणाले, "भाऊ, बंडखोर बसवायला तुमचे किती जातात? मी आधीच बसलोय."

भाऊ खदाखदा हसले. मास्तरांनी दाखले दिले. कोलकात्याचे साधन गुप्ता दृष्टिहीन, तरी 1953 साली लोकसभेत गेले. जयपाल रेड्डी कुबड्या घेऊन केंद्रात मंत्री झाले. "ते बंगालात, ते आंध्रात. आपल्याकडे इलेक्टिव्ह मेरिट बघतात," असं म्हणून भाऊंनी तिकीट भाच्याला दिलं. भाच्याला माइकसमोर सलग दोन वाक्यं जुळवता येत नाहीत. पण 2016 च्या कायद्यातल्या अपंगत्वाच्या 21 प्रकारांत ते बसत नाही, म्हणून तो धडधाकट.

मास्तर अपक्ष. अनामत 10,000. अनुसूचित जाती-जमातींना निम्मी, अपंगाला पुरी. चला, एका खिडकीवर तरी कुणी दया दाखवली नाही. अर्ज भरायचा पहिल्या मजल्यावर. खाली रॅम्प होता, कोरा करकरीत, पण तो मतदारांसाठी. तो व्हरांड्यात संपतो आणि तिथून 22 पायऱ्या. उमेदवाराबरोबर आत चारच माणसं, असा नियम. चौघांनी खुर्ची खांद्याला लावली आणि निघाले. जिन्यातल्या एका म्हाताऱ्यानं चप्पल काढून हात जोडले.

मत द्यायचं असतं तर ही यातायात नव्हती. 40 टक्क्यांचं प्रमाणपत्र असेल तर सरकार टपाली मतपत्रिका, पोलीस आणि कॅमेरा घेऊन घरी येतं. मत मागायचं म्हटलं की तेच सरकार माडीवर जाऊन बसतं.

प्रचारात भाऊंचीही पंचाईत झाली. भाषणात आंधळा, बहिरा, लंगडा असले शब्द नकोत, असं निवडणूक आयोगानं 2023 च्या डिसेंबरात पक्षांना बजावलं होतं. आता आंधळ्या-बहिऱ्या कारभारावर तुटून पडायचं कसं? भाऊंनी रात्रभर विचार केला आणि सकाळच्या सभेत गरजले, "हे सरकार दिव्यांग आहे!"

मास्तरांची अनामत गेली. 3 डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, भाऊंनी तीनचाकी सायकली वाटल्या. पहिला मान मास्तरांना. स्टेजला रॅम्प नव्हता, म्हणून भाऊ स्वतः खाली उतरले. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. भाऊ, भाचा, हार, सत्तावीस कार्यकर्ते आणि उजव्या कोपऱ्यात सायकलचं हँडल.