लोहडीच्या रात्री अडीचचं विमान

"काकू, तिळगूळ कधी करताय?" असं कुंपणापलीकडून वहिनींनी विचारलं, तेव्हाच मी ओळखलं की प्रश्न तिळगुळाचा नाही. चंडीगडच्या जानेवारीत दुपारी बारानंतर जे काही ऊन पडतं, त्यात अर्धा सेक्टर अंगणात येऊन बसतो. मी केस वाळवत होते, त्या मटार सोलत होत्या. चार शेंगा झाल्या आणि मूळ मुद्दा बाहेर आला.

"लेक चाललीय ना टोरांटोला. दिल्लीहून विमान, चौदा तारखेला रात्री अडीचला. जावई म्हणतात, चंडीगड-दिल्लीचं तिकीट वेगळं काढू, स्वस्त पडतं. रात्री नऊच्या सुमाराचं आहे एक. म्हणजे संध्याकाळी शेजारच्या बीजींच्या फाटकापुढे लोहडीची शेकोटी पेटली की नातीला आगीभोवती फिरवून आणता येईल. पहिली लोहडी आहे हो तिची."

"चौदाचे रात्री अडीच म्हणजे तेराचीच रात्र. बघितलंय ना नीट?"

"बघितलंय. का?"

का म्हणजे! मागच्या गल्लीतल्यांचं कळलं नव्हतं वाटतं यांना. वीस तारखेचं बारा चाळीसचं विमान, मध्यरात्रीनंतरचं. ही मंडळी वीसला दिवसभर निरोप घेत हिंडली, रात्री थाटात दिल्लीला पोचली, तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, तुमचं विमान काल रात्रीच गेलं. दोन्ही सुशिक्षित हो. एक तर गणिताचे मास्तर.

वहिनी पोटभर हसल्या. मग मी म्हटलं, आता तुमच्या जावयांचा हिशेब तपासू.

वेगळं तिकीट स्वस्त दिसतं खरं, पण सामान कुठे धरलंय त्यात? टोरांटोच्या तिकिटावर माणशी 23 किलोच्या दोन बॅगा मिळतात बहुतेक ठिकाणी. देशातल्या सुट्या तिकिटावर साधारण 15 किलो. तुमची भाजणी, गोडा मसाला, मेतकूट, वर बीजींच्या पिन्न्या आणि अमृतसरी वड्या. जास्तीच्या वजनाचे पैसे चंडीगडलाच मोजा, म्हणजे वाचवलेले तिथेच संपले. सगळा प्रवास एकाच पीएनआरवर असला की परदेशचंच वजन इथपासून चालतं आणि बॅगेला टॅग थेट टोरांटोचा लागतो.

"सुक्या खोबऱ्याच्या वाट्या पण भरल्यात," वहिनी म्हणाल्या.

"त्या काढा. सुकं खोबरं विमानात नेऊ देत नाहीत, तेलामुळे पेट घेतं म्हणून. आणि लोणचं हातातल्या पिशवीत नको. 100 मिलीच्या वर गेलं की तिथेच ठेवून घेतात. तुमची आंब्याची फोड तपासणीवाल्याच्या डब्यात जाईल."

हे त्यांना तिकिटापेक्षा जास्त लागलं. 

मग टर्मिनल. दिल्लीत उतरलं म्हणजे पोचलं, असं आपल्याला वाटतं. परदेशची विमानं टर्मिनल 3 वरून. चंडीगडचं विमान कंपनीप्रमाणे कुठेही उतरवेल. 2 आणि 3 शेजारी आहेत, पण 1 वर उतरवलं तर बॅगा पट्ट्यावरून उचला, बाहेर या, बस किंवा टॅक्सी पकडा, रस्त्याने 3 गाठा, पुन्हा दारात तिकीट-पासपोर्ट दाखवा, पुन्हा रांग. कडेवर दहा महिन्यांचं मूल. तास-सव्वा तास आधी काउंटर बंद. त्यानंतर इमिग्रेशन आहेच.

"आणि पहिलं विमान उशिरा आलं तर?"

"एकाच तिकिटावर असाल तर पुढच्या विमानात बसवणं कंपनीच्या गळ्यात. सुटी तिकिटं असतील तर टोरांटोवाल्यांच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत. नो शो. त्यांना धुक्याशी काय देणंघेणं?"

धुक्याचं नाव काढलं आणि वहिनींच्या हातातली शेंग थांबली. सरकारदरबारीसुद्धा 10 डिसेंबर ते 10 फेब्रुवारी हा धुक्याचा मोसम धरतात. त्या दिवसांत दिल्लीला त्यासाठी शिकलेले वैमानिक आणि तसलीच यंत्रं असलेली विमानं पाठवावी लागतात. आणि ही छोट्या पल्ल्याची विमानं दिवसभर इथून तिथे येरझाऱ्या घालतात. सकाळी एकाला दोन तास उशीर झाला की तो संध्याकाळपर्यंत एकेका फेरीच्या डोक्यावर बसत जातो. म्हणजे रात्री नऊच्या विमानावर सकाळच्या धुक्याचं सगळं कर्ज. लोहडीच्या रात्री वर धूर तो वेगळाच!

"मग शताब्दी?"

"संध्याकाळची शताब्दी दहाच्या सुमारास नवी दिल्लीला टेकते. तिथून विमानतळाची मेट्रो वीसेक मिनिटांत टर्मिनल 3. एकटा माणूस पाठीवर पिशवी घेऊन जाईल. चार मोठ्या बॅगा आणि बाबागाडी घेऊन जाणाऱ्याला फक्त देव तारेल. आणि धुक्यात गाडी तरी कुठे वेळेवर?"

माझं म्हणणं साधं आहे. विमान असं निवडावं की ते रद्द झालं तरी रस्ता हाताशी राहील. टॅक्सीने दिल्ली अडीचशे किलोमीटर. अंबाला, कर्नाल, पानिपत, मुरथळचे पराठे न खाता पाच-सहा तास. अकरापर्यंत टर्मिनलला पोचायचं, तर संध्याकाळी पाचच्या आत गाडी सुटली पाहिजे. म्हणजे विमान दुपारी एक-दोनचं हवं. तोवर धुकंही उठलेलं असतं आणि विमान नाहीच उडालं तर घरी येऊन डिकी भरायला वेळ असतो. रात्री नऊचं रद्द झालं तर? दहा वाजता काळोखात, धुक्यात हायवेला लागायचं? 13 जानेवारीच्या रात्री मराठी माणसं पानिपताजवळ अडकणार, सकाळ उजाडणार 14 जानेवारी! आधीच 1761 पासून आपण ऐकतोय.

"काकू, शुभ बोला."

"शुभच बोलतेय. म्हणून दुपारचं घ्या म्हणते."

रस्त्यावर तरी पूर्ण भरवसा कुठे ठेवायचा? शेतकऱ्यांचं आंदोलन झालं तेव्हा 2020-21 मध्ये दिल्लीच्या वेशीवर सिंघूला वर्षभर रस्ता अडला. 2024 च्या फेब्रुवारीपासून वर्षाहून जास्त काळ पंजाब-हरियाणा सीमेवरचा शंभू नाका बंद, मग अमृतसरकडची सगळी वाहतूक आपल्या झिरकपूर-डेराबस्सीवरून. विमानाचं म्हणाल तर 2025 च्या मे महिन्यात सीमेवर धुमश्चक्री झाली आणि उत्तर आणि पश्चिमेकडचे बत्तीस विमानतळ बंद, त्यात आपलंही. आपली धावपट्टी हवाई दलाची, त्यांनी दार लावलं की संपलं. तेव्हा ज्यांची परदेशची विमानं दिल्लीहून होती त्यांना ती सीमेवरची बातमी थेट खिशाला लागली. आणि त्याच वर्षी डिसेंबरात वैमानिकांच्या विश्रांतीच्या नियमांवरून इंडिगोची एका दिवसात हजाराहून जास्त उड्डाणं रद्द. एवढं बघून झाल्यावर तीन तासांच्या फटीवर विसंबणाऱ्याला मी शूर म्हणेन, शहाणा नाही.

"पण कंपन्या दीड तासाचं कनेक्शन विकतातच की!"

विकतात. ती वेळ कागदावर पुरते. मूल डायपर बदलायला निघालं की कागद संपतो.

वहिनी गप्प. मला कळलं, अडचण धुक्याची नव्हती. दुपारचं विमान म्हणजे सकाळी साडेदहाला घरातून निघणार. म्हणजे लोहडी गेली, शेवटचं जेवण गेलं, नातीच्या झोपेनंतरची ती दोन तासांची शांत गप्पा मारायची वेळही गेली. जास्तीचे जे तास आपण सुरक्षित म्हणून ठेवतो, ते मुलीच्या खात्यातून जात नाहीत, आईच्याच खात्यातून वजा होतात. हे जावयाला एक्सेलमध्ये दिसत नाही.

"बोरनहाणही राहिलं," त्या हळूच म्हणाल्या. "संक्रांत उजाडेल तेव्हा ती आकाशात."

"बोरनहाण रथसप्तमीपर्यंत चालतं. हलव्याचे दागिने आणि काळं झबलं बॅगेत टाका, टोरांटोत बोरं नाही मिळाली तर ब्लूबेरी ओतेल पोरगी. आणि लोहडीचं मी बघते. बीजींना सांगते, बारा तारखेलाच पेटवा. त्यांना काय, लाकडं आणि रेवड्या लोहडीच्या आठवडाभर आधीच आणून ठेवलेल्या असतात. नातीच्या नावाने दोन दिवस नाचायला मिळालं तर त्या मुहूर्त विचारतील होय?"

वहिनींनी मटारचं भांडं उचललं. "मग जावयांना काय सांगू?"

"काही सांगू नका. जेवताना नुसतं विचारा, ‘अहो, ते सुटी तिकिटं म्हणजे काय असतं? बॅगा आपोआप जातात का?’ रात्री बसून स्वतःच शोधतील, आणि सकाळी दुपारच्या विमानाचं तुम्हाला समजावून सांगतील. तेव्हा माझं नाव मात्र काढू नका हं. मागच्या वर्षी त्यांच्या टॅक्सीचा मार्ग मी बदलला होता, ते अजून विसरलेले नाहीत."