अकरावा येतोय!

मुंबईतल्या मैदानांवर खेळणारा कुठलाही क्लब घ्या. त्यात धड एक ओपनर असेल-नसेल, एक अण्णा मात्र असतातच. कुठे त्यांना नाना म्हणतात, कुठे भाई, गिरगावकडे नुसतं काका. हुद्दा ऑनररी सेक्रेटरी. त्या हुद्द्यात स्कोअरर, खजिनदार, मॅनेजर आणि किटबॅगेचा हमाल हे सगळे आले. या पदासाठी निवडणूक होते आणि दर वेळी ती बिनविरोध होते. कारण विरोधात उभं राहायचं म्हणजे चुकून निवडून यायची भीती.

डोक्यावर हॅट, जी कधीकाळी पांढरी होती असं तेच सांगतात. खांद्याला शबनम. तिच्यात स्कोअरबुक, दोन पेन्सिली, खोडरबर, क्रेप बँडेज आणि रुमालात गुंडाळलेले बेल्सचे दोन जोड. बॅट मागा, देतील. ग्लोव्हज मागा, कुरकुरत का होईना देतील. बेल्स मात्र ते अंपायरच्या हातात मोजून देतात आणि मॅच संपली की मोजून घेतात. चारच असतात, तरी मोजतात.

अण्णांचं नवं वर्ष पाडव्याला सुरू होत नाही, पावसाबरोबर सुरू होतं. बाकी जगात पाऊस आला की क्रिकेट थांबतं. मुंबईत पाऊस आला की कांगा लीग सुरू होते. डॉ. होरमसजी कांगा यांच्या नावाने १९४८ पासून चालत आलेला हा उद्योग. विकेट उघडी, वर पाऊस, आणि बाहेर घोटा बुडेल एवढं गवत. जमिनीलगत मारलेला देखणा कव्हर ड्राइव्ह दहा पावलांवर गवतात रुतून बसतो, आणि डोळे मिटून उडवलेल्या फटक्याला चार मिळतात. पुस्तकातलं क्रिकेट शिकून आलेली पोरं पहिल्या रविवारी रडकुंडीला येतात. अण्णांना त्यातच समाधान. “इथे पंचवीस काढल्यास ना, तर लॉर्ड्सवर शंभर समज,” असं ते प्रत्येकाला सांगतात. लॉर्ड्सवर जाऊन हिशेब पडताळणारा त्यांच्या क्लबातून अजून कोणी निघालेला नाही.

पण अण्णांचं खरं क्रिकेट शनिवारी रात्री होतं, फोनवर. अकरा माणसं गोळा करायची असतात. मागे टेप झालेला त्यांचा एक संवाद सगळ्या क्लबांतून फिरला आहे, आणि प्रत्येक क्लब तो आपल्याच अण्णांचा म्हणून सांगतो.

“उद्या सव्वाआठ, क्रॉस मैदान.”

“अण्णा, उद्या साखरपुडा आहे.”

“कुणाचा?”

“माझा.”

“मुहूर्त?”

“साडेअकराचा.”

“मग ये की. टॉस जिंकला तर बॅटिंग घेतो, तुला ओपनिंगला पाठवतो. दहाच्या आत मोकळा होतोस. पुस्तकात आहे माझ्याकडे.”

एवढं करून रविवारी सकाळी मैदानावर आठच जण असतात. लीग रविवारची आणि रेल्वेचा मेगाब्लॉकही रविवारचाच. हा योगायोग आहे असं अण्णा मानत नाहीत. अंपायर घड्याळ बघू लागला की अण्णा हात उंच करून ओरडतात, “अकरावा येतोय! कुर्ल्याला आहे!” अकरावा नेहमी कुर्ल्यालाच असतो. बऱ्याचदा तो डोंबिवलीला अंथरुणात असतो, पण अंपायरला कुर्ला ऐकून धीर येतो. शेवटी कोणीच आलं नाही तर अण्णा शबनम खाली ठेवतात, पँटचे पाय सॉक्समध्ये खोचतात आणि स्वतःच उतरतात. दर वर्षी खेळाडूंच्या यादीत ते स्वतःचं नाव तळाला घालून ठेवतात, ते याचसाठी.

उतरले की बॉल कमी येईल अशी जागा ते बरोबर हेरतात. आझाद मैदानावर ते सोपं नाही. तिथे बावीस विकेट्स, आणि सुट्टीच्या दिवशी एकमेकांत घुसलेल्या मॅचेस. आपला थर्ड मॅन दुसऱ्याच मॅचच्या मिडविकेटच्या पाठीला पाठ लावून उभा असतो. नवख्याला कुठला बॉल आपला तेच कळत नाही. अण्णा मात्र उभ्या उभ्या शेजारच्या मॅचचा स्कोअर विचारतात, बॅट्समनचा स्टान्स बघून “हा एल्बी जाणार” असं भाकीत करतात आणि तेवढ्यात आपल्या मॅचमधला झेल सोडतात.

याच आझाद मैदानावर फेब्रुवारी १९८८मध्ये हॅरिस शिल्डच्या मॅचला शारदाश्रमच्या तेंडुलकर-कांबळींनी ६६४ची भागीदारी केली. एकाने नाबाद ३२६, दुसऱ्याने नाबाद ३४९. त्या वेळी शेजारच्याच विकेटवर आपण स्कोअरिंग करत होतो, असं आमचे अण्णा सांगतात. इतर क्लबांचे अण्णाही हेच सांगतात. सगळ्यांचं खरं मानलं तर त्या दिवशी मैदानावर फिल्डर उभे करायला जागा उरली नसती. फक्त आमच्या अण्णांची पुढची तक्रार वेगळी आहे: “लेकाचे डिक्लेअर करायचा निरोप आला की तिकडे बघायचेच नाहीत. आमच्यात असते तर पुढची मॅच बाहेर बसवले असते.”

मोठी माणसं अण्णांनी जवळून पाहिली, तीही अशीच पलीकडच्या विकेटवरून. माटुंग्याची दादर युनियन म्हणजे गावसकर, वेंगसरकर, वासू परांजपे. आणि तिकडे शिवाजी पार्क जिमखाना. टेस्ट खेळून आलेला माणूस रविवारी क्लबसाठी चिखलात उभा राहायचा, हे सांगताना अण्णांचा आवाज जरा बदलतो. मुंबईने १९५८-५९ पासून सलग पंधरा वर्षं रणजी जिंकली, त्याचं श्रेय ते निम्मं या मंडळींना देतात आणि निम्मं माळ्यांना. पद्माकर शिवलकरांवर तर त्यांची आयुष्याची फिलॉसॉफी उभी आहे. फर्स्ट क्लासमध्ये ५८९ विकेट्स आणि टेस्ट एकही नाही! “पॅडीला टेस्ट मिळाली नाही,” अण्णा म्हणतात, “तिथे मला हेडक्लार्क केलं नाही म्हणून काय रडायचं?”

त्यांना ओळखायचं असेल तर मात्र स्कोअर लिहिताना बघावं. अंपायरने खूण केली की आधी डावा हात वर, मग नोंद. बॉलला रन नाही, टिंब. सहा टिंबं झाली की ती जोडून सुबक एम, मेडन ओव्हर. त्यातच विकेट पडली असेल तर तीच टिंबं जोडून डब्ल्यू. सगळं पेन्सिलने, कारण चूक खोडता आली पाहिजे. पेन शबनममध्ये असतं, पण ते वर्गणीच्या वहीसाठी. वाइड आणि नोबॉल बोलरच्या खात्यात टाकायचा नियम ऐंशीच्या दशकात आला. तो त्यांना अजून पटलेला नाही. लिहितात, पण तोंड वाकडं करून.

आणि शेजारी, त्याच बाकड्यावर, त्याच छत्रीखाली, समोरच्या क्लबचे अण्णा. दर काही ओव्हर्सनी दोघं बेरीज जुळवतात. बॅटिंगचे रन अधिक एक्स्ट्रा आणि इकडे बोलरचे अधिक बाय, लेगबाय. जुळली की एक कटिंग दोघांत. नाही जुळली की पंचवीस वर्षांपूर्वीचा रनआउट निघतो. आमच्या अण्णांच्या मते बॅट आत होती, त्यांच्या मते हातभर बाहेर. अंपायरने बोट वर केलं, मॅच गेली, त्या वेळचे खेळाडू आजोबा झाले. तरी दर मोसमात हे अपील एकदा होतंच.

पुढे २६ जुलै २००५ आला. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि अण्णांच्या तळमजल्यावरच्या खोलीत पलंगाखाली रद्दीत बांधून ठेवलेली सगळी पुस्तकं लगदा होऊन बाहेर आली. क्लबचा इतिहास गेला. घरातल्या फ्रिजचं त्यांना काही वाटलं नाही. चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी समोरच्या क्लबचे अण्णा ट्रंक घेऊन आले. ट्रंकेत त्यांची पुस्तकं. मॅच दोन टीम खेळतात, तेव्हा ती दोन वह्यांत लिहिली जाते; आपल्या माणसाचे रन प्रतिस्पर्ध्याच्या वहीतही तितक्याच इमानाने टिंबाटिंबाने मांडलेले असतात. दिवाळीपर्यंत दोघांनी बसून सगळं उतरवून काढलं. एक बोलायचा, एक लिहायचा. आमच्या क्लबकडे आज जो जुना रेकॉर्ड आहे तो सगळा शत्रूच्या हातचा आहे.

त्या रनआउटचं पान आलं तेव्हा समोरच्यांनी वाचलं, “रनआउट.” अण्णांनी पेन्सिल ठेवली, शबनममधून पेन काढलं आणि लिहिलं: “रनआउट (बॅट आत).” समोरच्यांनी ते पाहिलं, चहा मागवला आणि पुढची मॅच वाचायला घेतली.

तुम्ही कुठल्याही क्लबकडून एखादा मोसम जरी खेळला असाल, तर तुमच्या अण्णांच्या वह्यांचे फोटो या पावसाळ्याआधी काढून ठेवा. समोरच्या क्लबच्या वह्यांचेही काढा. आणि गेलाच आहात तर राहिलेली वर्गणीही देऊन टाका. ती पेनने लिहिलेली आहे.