पंपपारखी

मनुष्याच्या विवेकशक्तीचा एक चमत्कारिक नियम असा आहे, की विषय जितका मोठा तितका तिचा व्यय थोडा, आणि विषय जितका क्षुल्लक तितका तिचा व्यय अमर्याद. ज्या गृहस्थाने गावाबाहेरचा भूखंड केवळ शेजारच्या वकिलांनी घेतला म्हणून एका सायंकाळी इसार देऊन घेतला, ज्याने मुलाला कोणत्या शाखेत घालावे याचा निर्णय प्रवेशाच्या रांगेत उभ्या उभ्या केला, आणि ज्याने विम्याच्या कागदांवर जेथे जेथे पेन्सिलीची फुली दिसली तेथे तेथे एक अक्षरही न वाचता स्वाक्षरी ठोकली, तोच गृहस्थ सायकलच्या चाकात हवा भरण्याचा वीतभर पंप घ्यावयाचा म्हटल्यावर आषाढापासून फाल्गुनापर्यंत झोपेला पारखा होतो, तेव्हा या नियमाची सत्यता पटल्यावाचून राहत नाही. अशा गृहस्थास मी पंपपारखी म्हणतो.

हा प्राणी हिंगोलीस पूर्वी नव्हता. १ मे १९९९ रोजी परभणीपासून विभक्त होऊन हा जिल्हा झाला, त्या वेळीही येथे सायकली होत्या. पण त्या काळ्या, भारदस्त, मागे दुधाच्या किटल्या आणि पुढे दांडीवर नातू घेऊन जाणाऱ्या होत्या, आणि त्यांत हवा भरण्याचे काम दुकानासमोरच्या उभ्या पंपाचे, म्हणजे पर्यायाने दुकानातील पोऱ्याचे असे. पुढे चाळिशी ओलांडलेल्या प्रतिष्ठितांना डॉक्टरांनी ‘साखर काठावर आहे’ असे सांगण्याचा काळ आला, आणि बँकेचे शाखाधिकारी, पाटबंधाऱ्याचे उपअभियंते, मुख्याध्यापक, दंतवैद्य अशा मातब्बर मंडळींच्या घरी पुण्या-नांदेडहून अरुंद चाकांची रोड बाइक येऊ लागली. रविवारी पहाटे ही मंडळी डोक्यावर टोपडे आणि अंगाला चिकटलेला अंगरखा अशा वेषात औंढ्याच्या, नर्सीच्या किंवा कळमनुरीच्या रस्त्याला लागतात. पैकी जो इतरांच्या पाच पावले मागे राहून दुसऱ्याच्या सायकलीच्या दांडीला काय अडकवले आहे ते न्याहाळत असतो, तो पंपपारखी खुशाल समजावा.

न्यायाने बोलावयाचे तर पंपाची गरज काल्पनिक नव्हे. रोड बाइकच्या टायरची रुंदी पुष्कळदा अवघी २५ मिलिमीटर असते आणि त्यात दर चौरस इंचास ८० ते १०० पौंड दाबाची हवा लागते; मोटारगाडीच्या चाकास तीस-पस्तीस पौंडांत भागते, हे ध्यानात घेतले म्हणजे या कृश चाकाचा अहंकार कळून येतो. उलट पक्षी आमच्या रस्त्यांच्या कडेला वेडी बाभूळ बारमाही सज्ज आहे, आणि पावसाळा सरताच सराट्यांचे राज्य सुरू होते. पंक्चरचे दुकान वाटेत लागते, पण तेथे निराळाच पेच पडतो. काळ्या सायकलीच्या ट्यूबला जो वॉल्व्ह असतो, तो जॉन बॉइड डनलॉप याच्या नावाने ओळखला जातो, ज्याने मुलाच्या तीनचाकी सायकलीकरिता हवेचे टायर करून १८८८ साली त्याचे पेटंट घेतले. मोटारसायकलीचा वॉल्व्ह दुसऱ्या घराण्यातला. आणि रोड बाइकचा तिसऱ्या, म्हणजे फ्रेंच कुळातला, काडीएवढा बारीक, आणि शेंड्यावरची चिमुकली चकती फिरवून सैल केल्याखेरीज हवेला दारात उभी न करणारा. दुकानातले चाचा कॉम्प्रेसरची नळी हातात घेऊन त्याच्याकडे क्षणभर पाहतात आणि सहानुभूतीने म्हणतात, “साहेब, हिची तोटी बारीक आहे. आपल्या मशीनला बसत नाही.”

येथवर सारे शहाणपणाचे झाले. परंतु गरज सिद्ध झाली की सामान्य मनुष्य दुकानात जातो, आणि पंपपारखी चौकशी बसवितो. या कामी त्याने स्वतंत्र मिसल उघडलेली असते. तीत लांबी, वजन, नळी, दाबमापक, हमीची मुदत असे रकाने आखलेले असतात, आणि शेवटचा रुंद रकाना ‘शेरा’ या सदराखाली कोरा ठेवलेला असतो. कचेरीत ज्याच्या मेजावर फेरफाराचे अर्ज महिनोन्महिने धूळ खात पडतात, तो या मिसलेतील नोंदी मात्र रोजच्या रोज अद्ययावत ठेवतो. एक पंप १०० ग्रॅमचा आणि दुसरा १६० ग्रॅमचा, या साठ ग्रॅमांच्या तफावतीवर तो मधल्या सुट्टीत इतका कळवळून बोलतो, की नव्या कारकुनास हा तिजोरीतील सोन्याचा मामला वाटावा. आणि त्याच रविवारी औंढ्यास नागनाथाच्या देवळाबाहेर भज्यांची तिसरी बशी मागविताना ती तफावत त्याच्या स्मरणातही नसते.

दाबमापकाविषयीचा त्याचा दुराग्रह हा मात्र मला स्थानमाहात्म्याचा परिणाम वाटतो. याच औंढ्याच्या परिसरात गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहावयाची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. तिच्या काटकोनात पसरणाऱ्या दोन भुजा प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या असावयाच्या, त्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या सहस्रांशाहूनही सूक्ष्म फरक पडला तर तो उमगला पाहिजे, आणि त्याकरिता त्या भुजांच्या नळ्यांतील हवा जवळजवळ निःशेष उपसून टाकली पाहिजे, असे ते शास्त्र आहे. ज्या तालुक्यात हवा काढण्याची विद्या या पराकोटीस पोहोचावयाची, त्याच तालुक्याच्या रस्त्यावर हवा भरण्याची विद्या अंदाजपंचे चालावी, हे पंपपारख्यास सहन होत नाही. म्हणून चण्याएवढ्या मापकाचा काटा ९० वर आहे की ९२ वर, याची तो चष्मा पुसून पुसून रुजुवात घेतो. वस्तुतः चाक बसल्यावर घर गाठण्यास साठ-सत्तर पौंडही पुरतात. त्याहून फारच कमी ठेवले तर मात्र खड्ड्यात रिमची कड ट्यूबला चावते आणि सर्पदंशासारखी दोन छिद्रे शेजारी शेजारी पडतात, एवढाच यातील इशारा.

असे असले तरी या गृहस्थाच्या विद्वत्तेत तथ्य नाही असे म्हणण्याचे पाप मी करणार नाही. शंभर पौंडांचा दाब म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ७ किलो. पंपाच्या दट्ट्याचा व्यास ३० मिलिमीटर असेल तर त्याचे क्षेत्रफळ ७ चौरस सेंटिमीटर होते, म्हणजे अखेरीस हातास जवळजवळ ५० किलोंचा जोर लावावा लागतो, आणि तो रस्त्याच्या कडेला उकिडवे बसून कोणाच्याने लागत नाही. तेच व्यास २० मिलिमीटर केला, तर २२ किलोंत काम होते. म्हणून रोड बाइकचा पंप सडपातळ हवा. परंतु सृष्टी कोणास काही फुकट देत नाही. सडपातळ पंप दर खेपेस हवाही चिमूटभरच ढकलतो: त्याचा दट्ट्या १५ सेंटिमीटर सरकला तर आत जाते ती सुमारे ४७ घनसेंटिमीटर. टायरच्या पोटात मावते लिटरभर, आणि दाब सातपट चढविण्यास हवी सात लिटर. तेव्हा दट्ट्या किमान दीडशे वेळा मागेपुढे करणे प्राप्त आहे, आणि गळती धरली तर त्याहून अधिक. तात्पर्य, दंडात बळ असावे किंवा मनात सबुरी असावी. जगातील यच्चयावत पंप या दोहोंपैकी एकाची मागणी करतात. आमच्या गृहस्थापाशी दोन्ही नसल्यामुळे, दोहोंचीही मागणी न करणारा तिसरा पंप कोठेतरी निघाला असलाच पाहिजे, या श्रद्धेवर त्याची चौकशी पुढे चालू राहते.

या श्रद्धेपोटी त्याने वायूचे काडतूसही आणून पाहिले. १६ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड भरलेली ती नळी फोडली की क्षणात चाक टणक होते. पण नळी इतकी गार पडते की बोटे चिकटावीत, एका नळीत एकाच चाकाचे भागते, आणि हा वायू रबरातून साध्या हवेपेक्षा लवकर झिरपत असल्यामुळे दुसऱ्या दिवशी चाक पुन्हा मऊ होते. हे सारे ज्ञान त्याने वाचून संपादन केले आहे, कारण नळी फोडली तर वाया जाईल या धास्तीने ती त्याने देवघराच्या फडताळात जपून ठेविली आहे. विजेवर चालणारा पंपही त्याने घेतला. त्यास मात्र आदल्या रात्री विजेला लावून ठेवावे लागते, आणि शनिवारच्या रात्री आमचा गृहस्थ पंपांविषयी वाचण्यात गढलेला असतो. सायकलीच्या दांडीखाली आडवा बसणारा जुन्या पद्धतीचा हातभर लांब पंप सर्वांत कमी दमवितो, हे त्यास ठाऊक आहे. पण तो लावल्याने सायकल पोक्त दिसते, असा शेरा मारून तो नामंजूर झाला.

सल्लागारांचीही त्यास वाण नाही. नर्सी ही नामदेवांची जन्मभूमी मानतात, आणि औंढ्यास विसोबा खेचरांच्या रूपाने त्यांना गुरू भेटला अशी परंपरा आहे. एक गुरू, एक भेट, आणि जन्माचा संशय फिटला. त्याच नर्सी-औंढ्याच्या रस्त्यांवर दर आठवड्यास चाके फिरविणाऱ्या पंपपारख्यास गुरू पुष्कळ लाभले, भेटी तर अगणित झाल्या, परंतु दर भेटीअंती मिसलेत एक रकाना तेवढा वाढला.

दुसऱ्यास उपदेश करताना त्याचा आवडता विषय स्वावलंबन. २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे लांब पल्ल्याची ठरावीक वेळेतील सायकलफेरी, साडेतेरा तासांत पुरी करावयाची, आणि वाटेतील बिघाड आपला आपण निस्तरावयाचा, हा दंडक तो अशा थाटात सांगतो की तो त्यानेच घालून दिला असावा. त्याच्या जोडीला १९१३ सालच्या टूर द फ्रान्सची कथा येते. यूजेन क्रिस्टोफ या स्वाराच्या सायकलीचा पुढचा चिमटा डोंगरउतारावर मोडला. तो सायकल वाहून नेत पायी खालच्या गावी आला आणि तेथील लोहाराच्या भट्टीत त्याने तो स्वहस्ते सांधला. तरीही पंचांनी त्यास दंड केलाच, कारण भट्टीचा भाता एका पोराने हलविला होता. “भाता!” असे म्हणून पंपपारखी येथे थांबतो, आणि श्रोत्यांच्या चेहऱ्यावर अपेक्षित परिणाम दिसेपर्यंत पुढे बोलत नाही.

अखेर फाल्गुनात पंप आला: २० मिलिमीटर व्यासाचा, आखूड नळीचा, मापकासहित. पुढच्याच रविवारी औंढ्याच्या रस्त्याला सराट्याने आपले काम केले. दोन्ही बाजूंस हळद शिजवून वाळत घातलेली, ऊन वाढत चाललेले. गृहस्थाने ट्यूब बदलली, वॉल्व्हची चकती सैल केली, नळी बसविली, सारे शास्त्रोक्त. पहिल्या वीस-पंचवीस खेपा झाल्या आणि त्यास श्वासाचे महत्त्व नव्याने समजले. शेजारच्या शेतातून एक म्हातारे शेतकरी हे बघत होते. ते उठून आले. “सरका सायेब, मी मारतो हवा. तुमी आकडा मोजा.” हळदीने पिवळ्या झालेल्या त्या हातांनी दट्ट्या एका लयीत चालू लागला, आणि गृहस्थ कडेच्या दगडावर बसून मोजू लागला, मोजता मोजता त्याने व्यास लहान का असावा हेही समजावून दिले. काटा नव्वदावर गेला. म्हाताऱ्याने पंप उलटसुलट करून पाहिला आणि किंमत विचारली. ती ऐकून ते शांतपणे म्हणाले, “येवढ्यात तर आमचा फवारनीचा पंप येतो, सायेब. अन् त्याला खांद्यावर घ्यायला पट्टा बी असतो.”

१९१३ चे पंच तेथे असते तर दंड कोणास झाला असता हे सांगणे नलगे. त्या रात्री मात्र मिसलेतील शेऱ्याचा रकाना भरला गेला, आणि त्या नोंदीवर विसंबून गावातील आणखी कित्येकांनी तोच पंप मागविला. नोंद अशी होती: “पंप सर्वथा समाधानकारक. दीडशे वेळा मारूनही यत्किंचित् थकवा जाणवला नाही.”

वाचकांपैकी कोणास असा पंप घ्यावयाचा असेल, तर त्यांनी मिसल उघडू नये. बारीक नळकांड्याचा, आखूड लवचिक नळीचा, आपल्या वॉल्व्हला बसणारा कोणताही धड पंप घ्यावा. एक जादा ट्यूब आणि एक पितळी अडॅप्टर जवळ बाळगावा, म्हणजे चाचांच्या मशीनलाही ती तोटी मानवते. पंप घरी आला त्याच दिवशी अंगणात बसून चाकातील सगळी हवा सोडावी आणि ती स्वतःच्या हाताने पुन्हा भरावी. ते जमले तर पंप योग्य. न जमले तर दुसरा पंप शोधण्याआधी, सायकलीत मावत असतील तर २८ मिलिमीटरचे टायर घालावेत. त्यांना दाब कमी लागतो. आणि वाटेत कोणी हवा मारून दिलीच, तर शेऱ्याच्या रकान्यात त्याचे नाव लिहावे.